त्रिकोणाचे कोन १८० च का? मोजलेलं आणि सिद्ध केलेलं यातला फरक

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते हे शाळेत गेलेल्या जवळजवळ सगळ्यांना पाठ असतं, पण "का?" असं विचारलं की उत्तर येतं "असतेच तशी" नाहीतर "मोजून बघ ना". मोजायला काहीच हरकत नाही, मोजावंच, कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवायचे, कड अगदी सरळ येते आणि ते बघायला खरंच मजा येते. पण एवढं करून सिद्धता झाली का, तर नाही. ती का झाली नाही हे एकदा नीट कळलं की पक्ष (जे दिलंय ते), साध्य (जे सिद्ध करायचंय ते), रचना, कारण वगैरे जे चौकटीत लिहायला लावतात त्याला अर्थ आहे असं वाटायला लागतं, म्हणून जरा निवांतपणे सांगतो.

पहिली अडचण मोजण्याचीच. कोनमापकाने कधी १७९ येतात कधी १८१, कारण पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. बरं, समजा आपल्याकडे एकदम भारी उपकरण आहे आणि १८०.०००० पर्यंत आलं, तरी पुढच्या दहाव्या दशांश स्थळावर काय आहे ते आपल्याला माहीत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे, मोजलेला त्रिकोण एक, आणि दावा मात्र सगळ्या त्रिकोणांबद्दल, ज्यात लांबलचक सुईसारखे त्रिकोणपण आले आणि कागदावर मावणारच नाहीत असे मैलभर बाजूंचेपण आले. हजार मोजा, लाख मोजा, उरलेले अनंतच राहतात.

मग सगळ्यांबद्दल एकदम कसं बोलायचं? इथे जी युक्ती आहे ती मला अख्ख्या भूमितीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. आपण म्हणतो "कुठलाही एक त्रिकोण अबक घ्या", आणि काढतो तर एक ठरावीक आकाराचाच, कारण दुसरं काही काढताच येत नाही. पण पुढे बोलताना त्याच्या ठरावीकपणाचा वापर करायचा नाही एवढं पथ्य पाळायचं. माझ्या आकृतीत अ चा कोन साधारण ७० अंश दिसतोय, असू दे, मी ते ७० कुठेच वापरत नाही. सिद्धता लिहून झाल्यावर एकेक ओळ परत वाचायची आणि विचारायचं, हे कशावरून? पक्षात दिलंय म्हणून, आधी सिद्ध केलंय म्हणून, गृहीतक (सिद्ध न करता मान्य केलेलं विधान) आहे म्हणून, का नुसतं आकृतीत तसं दिसतंय म्हणून? चौथं उत्तर आलं की ती ओळ गेली.

आता १८० वाली सिद्धता. त्रिकोण अबक, अ वर, बक ही बाजू खाली. तीन कोन तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसलेत, त्यांची बेरीज करायची तर एका जागी आणायला हवेत, आणि आपल्याला कुठल्या जागेची बेरीज आधीच माहीत आहे? सरळ रेषेवरच्या एका बिंदूपाशी, रेषेच्या एकाच बाजूला असलेल्या कोनांची, ती १८०. म्हणजे एक सरळ रेषा पाहिजे जिच्यावर तिन्ही कोन येऊन बसतील. आता ते फाडलेले कोपरे आठवा, तिथे हेच झालं होतं की, अ चा कोपरा मध्ये, ब चा एका बाजूला, क चा दुसऱ्या बाजूला आणि कड सरळ. तर ती कड म्हणजेच आपली रेषा. अ मधून बक ला समांतर रेषा काढा, तिच्यावर ब च्या बाजूला प आणि क च्या बाजूला फ बिंदू घ्या. अब ही त्या दोन समांतर रेषांची छेदिका, म्हणजे दोन्हींना छेदणारी रेषा झाली, म्हणून कोन पअब आणि कोन अबक हे व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध अंगांना, दोन समांतर रेषांच्या मधले), समान. अक ही पण छेदिकाच, म्हणून कोन फअक आणि कोन अकब समान. आणि पअब, बअक, कअफ हे तीन मिळून सरळ रेषेवर, म्हणजे १८०. त्यातले पअब आणि कअफ काढून त्यांच्या जागी ब आणि क चे कोन ठेवले की झालं.

बघा यात ७० कुठे आलं नाही, त्रिकोण लघुकोन आहे का विशालकोन आहे ते आलं नाही, कुठली बाजू मोठी ते आलं नाही. म्हणून ही चार ओळींची गोष्ट एकाच वेळी सगळ्या त्रिकोणांना लागू पडते.

"पण ती समांतर रेषा काढायचं सुचणार कसं?" हा प्रश्न खूप जणांना असतो आणि रास्त आहे, पुस्तकात रचना आभाळातून पडल्यासारखी येते. साध्याकडून उलटं यायचं, मला बेरीज हवीये, बेरजेला एक जागा हवी, ती जागा सरळ रेषेवर आहे, कोन न बदलता एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं माझ्याकडे साधन काय, तर समांतर रेषा आणि एकरूप त्रिकोण, बहुतेक वेळा ही दोनच. त्यातलं एक लावून बघायचं. पन्नास प्रमेयं घोकण्यापेक्षा ही सवय कितीतरी कामाची आहे.

बाह्यकोनाचं प्रमेय तर याच्या पाठोपाठ फुकटात मिळतं. बक बाजू पुढे ड पर्यंत वाढवली तर क चा आंतरकोन आणि बाह्यकोन मिळून १८०, आणि अ, ब, क तिन्ही मिळूनपण १८०, म्हणजे बाह्यकोन हा अ आणि ब या दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका. साहजिकच तो त्या दोघांपैकी प्रत्येकापेक्षा मोठा असणार. हे "मोठा असणार" लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता एकरूपता, म्हणजे दोन त्रिकोण मापासकट तंतोतंत सारखे असणं, कारण समांतर रेषांनंतरचं दुसरं साधन तेच. कसोट्या सगळ्यांना पाठ असतात (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन), बाकोबा, कोबाको, बाबाबा, बाकोको, आणि काटकोन त्रिकोणासाठी कर्णभुजा. कोकोको चालत नाही हे पटकन कळतं, लहान समभुज आणि मोठा समभुज यांचे कोन सारखेच की, आकार तोच पण माप वेगळं. घोळ होतो तो बाकोबा मध्ये, कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच पाहिजे हे वाक्य लोक वाचतात आणि विसरतात. तर स्वतः काढून बघा. ब पाशी ३० अंशाचा कोन, त्याच्या एका भुजेवर १० सेमी वर अ. आता अ पासून ६ सेमी वर दुसऱ्या भुजेवर क पाहिजे. अ वर कंपासचं टोक ठेवून ६ सेमी ची चाप मारली की ती दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदते, एक ब पासून साधारण ५.३ सेमी वर आणि एक जवळपास १२ सेमी वर. कारण अ पासून त्या भुजेचं लंब अंतर ५ सेमी आहे आणि ६ हे ५ पेक्षा मोठं पण १० पेक्षा लहान, म्हणून चाप लंबाच्या दोन्ही अंगाला एकेकदा लागते. दोन बाजू त्याच, कोन तोच, आणि त्रिकोण चक्क दोन. कोन दोन बाजूंच्या मधे असता तर तिसऱ्या बाजूला हलायला जागाच राहिली नसती.

या बाकोबा ची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इसवीसनपूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात यूक्लिडने भूमितीची जी मांडणी केली त्यात पहिल्या भागात ४८ विधानं आहेत आणि बाकोबा हे चौथंच. ते सिद्ध करताना तो एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवतो, बाजू बाजूवर बसते, कोन कोनावर बसतो, म्हणून बाकीचं पण बसतं. ऐकायला ठीक आहे, पण उचलून नेताना आकार बदलत नाही हे कशावरून? त्याच्या गृहीतकांमध्ये तसं कुठे लिहिलेलं नाही. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीचा पाया परत घातला तेव्हा उचलाउचलीच्या भानगडीत न पडता बाकोबा चा गाभाच सरळ गृहीतक म्हणून लिहून टाकला. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो, जे सिद्ध करता येत नाही ते मान्य करून यादीत लिहायचं आणि मग पुढे जायचं.

समद्विभुज त्रिकोणाकडे येऊ. अब = अक असेल तर ब आणि क चे कोन समान. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अ पासून खाली एक रेघ मारायची आणि म्हणायचं की ही अ चा कोन दुभागते आणि बक च्या मध्यावर पडते आणि तिथे लंबपण आहे. अशा रेघेचं नुसतं नाव घेता येत नाही, रेघ काढताना एकच अट घालायची, बाकीच्या गोष्टी नंतर सिद्ध झाल्या तर झाल्या. कोनदुभाजक काढलात तर दोन त्रिकोण बाकोबा ने एकरूप होतात (अब = अक, दुभागलेले कोन समान, मधली बाजू सामाईक). मध्यगा (अ पासून बक च्या मध्यापर्यंतची रेघ) काढलीत तर बाबाबा ने. लंब टाकलात तर कर्णभुजा ने. तीनही रस्ते चालतात, फक्त एका वेळी एकच धरायचा.

चालतात असं म्हटलं खरं, पण इथे एक बारीक खाच आहे आणि ती मला खूप शिकवून गेली. यूक्लिडच्या क्रमात हे समद्विभुज वालं विधान पाचवं आहे. बाबाबा आठवं. आणि बाबाबा सिद्ध करताना त्याला पाचव्याचाच आधार घ्यावा लागतो. म्हणजे त्याच्या क्रमात मध्यगेवाली सिद्धता चक्राकार होते, पाचव्यासाठी आठवं आणि आठव्यासाठी पाचवं. कोनदुभाजकवाली तर निर्दोष वाटते ना, बाकोबाच वापरलंय, पण कोनाचा दुभाजक काढता येतो हेच मुळी नववं विधान आहे आणि ते आठव्यावर उभं आहे! म्हणून यूक्लिड दोन्ही बाजू खाली वाढवून जरा लांबचा रस्ता घेतो, इतका की युरोपात पुढे या विधानाला गाढवांचा पूल असं नाव पडलं, कच्चे विद्यार्थी इथेच अडायचे म्हणून, असं सांगतात.

यावरचा सगळ्यात देखणा उपाय चौथ्या शतकातल्या पॅपस या गणित्याचा, तोही अलेक्झांड्रियाचाच. तो म्हणतो रेघ काढूच नका. त्रिकोण एकच आहे पण त्याला दोनदा वाचा, एकदा अबक असा आणि एकदा अकब असा. अब ची जोडी अक शी, समान. अक ची जोडी अब शी, समान. मधला कोन अ तो स्वतःशीच समान. बाकोबा लागू झालं, म्हणून ब चा कोन क च्या कोनाशी समान. संपलं. पहिल्यांदा वाचताना असं वाटतं की काहीतरी हातचलाखी आहे, एकच त्रिकोण स्वतःशी एकरूप कसला सिद्ध करायचा, पण परत वाचा, कसोटीत कुठेही म्हटलेलं नाही की दोन त्रिकोण वेगळ्या जागी असले पाहिजेत. याचा व्यत्यास, म्हणजे कोन समान असतील तर बाजू समान, तो पण अस्साच होतो, फक्त बाकोबा ऐवजी कोबाको लावायचं, करून बघा.

आकृतीवर विश्वास ठेवला की काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे, "सगळे त्रिकोण समद्विभुज असतात" याची सिद्धता. अब आणि अक असमान असलेला त्रिकोण घ्यायचा, अ चा कोनदुभाजक काढायचा, बक चा लंबदुभाजक काढायचा, ते जिथे भेटतात तिथून अब आणि अक वर लंब टाकायचे, आणि मग एकामागून एक एकरूप त्रिकोण दाखवत अब = अक पर्यंत पोचायचं. एकरूपतेची एकही पायरी चुकलेली नसते. चूक आकृतीत असते, तो भेटीचा बिंदू आपण त्रिकोणाच्या आत काढतो आणि प्रत्यक्षात तो बाहेर पडतो, बक च्या पलीकडे, त्रिकोणाच्या परिवर्तुळावर (तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळावर). तिथे टाकलेल्या लंबांपैकी एक बाजूवर पडतो आणि दुसरा वाढवलेल्या बाजूवर, त्यामुळे शेवटी जिथे आपण बेरीज केली तिथे एकीकडे वजाबाकी हवी होती. पट्टी आणि कंपास घेऊन नीट काढलं की लगेच दिसतं, हाताने अंदाजे काढलं की फसतो.

आता त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, हे घ्या. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या पंथाचे लोक यावर यूक्लिडला हसायचे अशी हकिगत पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या यूक्लिडच्या टीकाकाराने लिहून ठेवलीये, की हे तर गाढवालापण कळतं, चाऱ्याकडे ते सरळच जातं, वळसा घालून जात नाही. प्रोक्लसचं म्हणणं असं की डोळ्याला ते दिसतं हे खरं, पण का खरं आहे ते सांगणं हे शास्त्राचं काम. आणि सांगायला फार लागतही नाही. बअ ही बाजू अ च्या पुढे ड पर्यंत अशी वाढवा की अड = अक. मग त्रिकोण अकड समद्विभुज, म्हणून ड चा कोन आणि कोन अकड समान. पण कोन बकड मध्ये कोन अकड आहेच आणि वर कोन अकब पण आहे, म्हणून तो ड च्या कोनापेक्षा मोठा. आता त्रिकोण बकड बघा, त्यात मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी, म्हणजे बड > बक. आणि बड म्हणजे काय तर बअ + अड, म्हणजेच बअ + अक.

इथे "मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी" हे वापरलं, तर ते कशावरून? आधी त्याचा जुळा भाऊ, मोठ्या बाजूसमोरचा कोन मोठा. अक > अब असेल तर अक वर ड असा घ्या की अड = अब. कोन अबड = कोन अडब. हा अडब म्हणजे त्रिकोण डबक चा बाह्यकोन, म्हणून क पेक्षा मोठा. आणि पूर्ण कोन अबक हा अबड पेक्षा मोठा. झालं, ब चा कोन > क चा कोन. मग उलट विधान तीन शक्यता तपासून येतं, बाजू समान असती तर कोन समान झाले असते, लहान असती तर कोन लहान झाला असता, म्हणून मोठीच. बघा कशी साखळी लागलीये, दोन बाजूंची बेरीज टेकलीये मोठ्या कोनावर, तो टेकलाय बाह्यकोनावर आणि समद्विभुजावर, आणि समद्विभुज बाकोबा वर.

आणि १८० कशावर टेकलंय? समांतर रेषेवर. अ मधून बक ला समांतर एकच रेषा असते आणि तिथे व्युत्क्रम कोन समान येतात, याच्या मुळाशी यूक्लिडचं पाचवं गृहीतक आहे, जे त्याने स्वतः २८ विधानं होईपर्यंत हातच लावलेलं नाही, पहिल्यांदा वापरलं एकोणतिसाव्याला. १८० चं विधान बत्तिसावं. दोन हजार वर्षं लोक ते गृहीतक बाकीच्यांवरून सिद्ध करायला धडपडले आणि शेवटी रशियाच्या लोबाचेव्स्कीने १८२९ मध्ये आणि हंगेरीच्या बोल्याईने १८३२ मध्ये ते सोडूनपण एक वेगळी भूमिती उभी करून दाखवली, तिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी भरते. समद्विभुज मात्र तिथेही जसंच्या तसं खरं, कारण पॅपसच्या सिद्धतेत समांतर रेषेचं नावसुद्धा नाही. हे कुठलीही मोजणी करून कळलं नसतं. सिद्धता उघडून बघितली तरच कळतं की कुठलं विधान कुठल्या खांबावर उभं आहे आणि कुठला खांब काढला की काय पडेल.

गोलाच्या पृष्ठभागावर तर १८० पेक्षा जास्त येतात. पृथ्वीचाच गोल घ्या, अ उत्तर ध्रुवावर, ब आणि क विषुववृत्तावर एकमेकांपासून ९० रेखांश लांब. ध्रुवापासून दोघांपर्यंतची रेखावृत्तं विषुववृत्ताला काटकोनातच मिळतात, ध्रुवावरचा कोनपण ९०, बेरीज २७०. गोलावर सरळ रेषेची जागा मोठी वर्तुळं घेतात (विषुववृत्तासारखी, ज्यांचा मध्य गोलाच्याच मध्यावर असतो), आणि अशी दोन वर्तुळं नेहमी छेदतातच, समांतर असं काही नाहीच, म्हणून आपली चार ओळींची सिद्धता पहिल्याच ओळीला थांबते.

पण आता तो बाह्यकोन. वर मी त्याला १८० वरून आणलं, यूक्लिड मात्र समांतर रेषेला हात न लावता सोळाव्या विधानात आणतो. अक चा मध्य म घ्या, बम तेवढीच पुढे न पर्यंत वाढवा. त्रिकोण अमब आणि कमन बाकोबा ने एकरूप, म्हणून अ चा कोन = कोन अकन. आणि न हा बाह्यकोन अकड च्या आत आहे, म्हणून बाह्यकोन अ पेक्षा मोठा. समांतर रेषा कुठेच नाही, म्हणजे हे गोलावरपण चालायला हवं. पण आपल्या ध्रुवाच्या त्रिकोणात क चा बाह्यकोन ९० आणि अ चा कोनपण ९०, मोठा कुठे आहे? मग सिद्धतेत गोलावर कुठली ओळ पडली ते शोधू. म हा ध्रुव आणि क यांच्या मधोमध, ४५ अक्षांशावर. ब पासून म पर्यंतचं अंतर पाव वर्तुळ भरतं, कारण ब पासून त्या रेखावृत्तावरचा प्रत्येक बिंदू पाव वर्तुळाच्याच अंतरावर आहे. ते दुप्पट केलं की अर्धं वर्तुळ, म्हणजे न पोचतो थेट ब च्या बरोब्बर विरुद्ध बिंदूवर, आणि तो तर विषुववृत्तावरच आहे, वाढवलेल्या बक वर. म्हणजे न बाह्यकोनाच्या आत नाहीच, त्याच्या भुजेवर बसलाय, आणि म्हणून कोन अकन हाच अख्खा बाह्यकोन. एकरूपता बरोबर, कोन समान बरोबर, फक्त "न आत आहे" हे यूक्लिडने आकृतीत बघून घेतलं होतं, त्याचं कारण कुठल्याही गृहीतकात लिहिलेलं नव्हतं. बिंदू दोन बिंदूंच्या मधे असणं म्हणजे नक्की काय, याची गृहीतकं १८८२ मध्ये मोरित्झ पाश या जर्मन गणित्याने आणि मग हिल्बर्टने मांडली तेव्हा कुठे ती ओळ भरून निघाली.